हवालदारांनी चुलवाणाला लावलेला दिवा

मलकापूरच्या पुढे नदीच्या अंगाला वळलं की उसाच्या फडांमधून एक कच्चा रस्ता जातो. हंगामात त्या रस्त्यावर कुणाला वाट विचारावी लागत नाही. नाक नेईल तिकडं गेलं की पुरतं. तिथं उदयसिंह हवालदारांचं गुऱ्हाळ आहे. म्हणायला हवालदारांचं. खरं गुऱ्हाळ त्यांच्या बायकोचं, क्रांतीचं. आणि हे हवालदारही मान्य करतात, फक्त पाहुण्यांसमोर जरा उशिरा करतात.

उदयसिंहांची सगळी नोकरी फौजेच्या सिग्नलमध्ये गेली. डोंगर-दऱ्यांतून वायरी ओढायच्या आणि या टोकाचं बोलणं त्या टोकाला पोचवायचं, हे काम त्यांनी जन्मभर केलं. पेन्शनीवर घरी आले तेव्हा मिशा तशाच होत्या, आवाज तसाच होता, पण पोचवायला बोलणं कुणाचंच उरलं नव्हतं. मग त्यांनी घराचीच दुरुस्ती काढली. बिघडलेलं तर दुरुस्त केलंच, चांगलं चाललेलंही केलं. दाराला अशी घंटा बसवली की ती वाजली की गोठ्यातली म्हैस दावं तोडायला बघायची. क्रांती म्हणायची, "आवं, तुमी जरा बसा की निवांत." पण निवांत बसणं हे काही हवालदारांना कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नव्हतं.

क्रांतीचं तसं नव्हतं. तिचे वडील नावाजलेले गुळवे, पाक बघून गूळ उतरवणारे. रस कधी पाकावर आला, काहील कधी उतरवायची, हे ती परकरात होती तेव्हापासून बघत आलेली. सासऱ्यांच्या माघारी बंद पडलेलं गुऱ्हाळ तिनं पुन्हा उभं केलं, तेव्हा भावकीतल्या चार जणांनी नाकं मुरडली. आता तेच चार जण सांगलीच्या बाजारात तिच्या ढेपांचं नाव सांगून स्वतःच्या ढेपा विकतात.

काहील म्हणजे रस आटवायची ती भली थोरली पसरट कढई. ती वर ओट्यावर असते, तिच्यापाशी गुळव्या. आणि तिच्याखालच्या चुलवाणाचं तोंड असतं भिंतीच्या पलीकडं, खाली खड्ड्यात. तिथं बसून एक जण रस काढलेल्या उसाची वाळलेली चिपाडं आत सारत असतो. म्हणजे पाक बघणाऱ्याला जाळ दिसत नाही आणि जाळ घालणाऱ्याला पाक दिसत नाही. दोघांमध्ये जे काय असतं ते ओरडणं. "घाल!" म्हटलं की घालायचं, "वड!" म्हटलं की जळतं मागं ओढायचं. शेवटच्या घटकेला हे ओरडणं क्षणभर जरी चुकलं तरी गूळ काळा पडतो.

क्रांतीकडं जाळाला बसायचे ते लालासाहेब. नात्यानं हवालदारांचे चुलत चुलते, वयानं सत्तरीच्या पुढचे, सगळे त्यांना तात्या म्हणत. त्यांचा मुलगाही फौजेत, सून-नातवंडं त्याच्याबरोबर तिकडं लांब. घरी तात्या एकटे. पैशाची ददात नव्हती. मुलगा वेळच्या वेळी पाठवायचा. पण दसऱ्यानंतर चूल पेटली की तात्यांच्या अंगात काहीतरी पेटायचं, आणि उन्हाळ्यात गुऱ्हाळ बंद झालं की माणूस पारावर नुसता बसून राहायचा. उदयसिंहांना नदीत पोहायला यांनीच शिकवलं होतं, तेही पाठीवर बसवून मध्यभागी नेऊन आणि खाली टाकून.

अडचण एवढीच झाली होती की तात्यांना ऐकू येईनासं झालं. जवळ जाऊन तोंडासमोर बोललं तर कळायचं. पण भिंतीपलीकडून, ऊस पिळणाऱ्या चरकाच्या घरघरीत, क्रांतीची हाक त्यांच्यापर्यंत पोचेना. कानातलं मशीन मुलानं मिरजेहून आणून दिलेलं, पण त्यात चरकाचाच आवाज भरायचा, म्हणून तात्या ते घरी कोनाड्यात देवाशेजारी ठेवत. त्या हंगामात दोन काहिली करपल्या. दुसऱ्यांदा करपली त्या संध्याकाळी क्रांती भाकरी थापता थापता म्हणाली, "मला लय वाईट वाटतंय. पर संक्रांतीला सांगलीस माल जायचा हाय. जाळाला दुसरा माणूस बघाय लागंल."

हवालदारांचा घास हातातच राहिला. "तात्यास्नी काढायचं?"

"काढायचं कशाला म्हंता? चिपाडं वाळवाय बसतील, ढेपा मोजतील."

"ढेपा मोजाय बसवलं तर त्यो माणूस चार दिसांत खचंल गं."

क्रांतीलाही ते ठाऊक होतं. म्हणून तर ती तव्याकडं बघून बोलत होती. हवालदारांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "संक्रांतीपतुर दे मला. ह्ये काम सिग्नलचं हाय."

ठरलं असं, की ओरडण्याच्या जागी दिवे लावायचे. एक बोर्ड काहिलीपाशी. तो रसाची उष्णता मोजणार. दुसरा बोर्ड चुलवाणाच्या तोंडाशी. त्यावर तीन दिवे. हिरवा असेल तोवर जाळ घालत राहायचं, पिवळा लागला की हात आखडायचा, तांबडा लागला की सगळं मागं ओढायचं. आणि तात्यांना यातलं कारण सांगायचं नाही, असंही नवरा-बायकोचं ठरलं. नुसतं म्हणायचं, की नवीन यंत्र आणलंय.

हवालदार बसनं सांगलीला गेले. तिथं धवल नावाच्या इंजिनिअर पोराचं असल्या सामानाचं दुकान होतं. त्यानं दोन बोर्ड दिले. प्रत्येकावर नखाएवढी चिप, आणि तेवढ्या चिपेत अख्ख्या यंत्राची अक्कल. दोघांचं बोलणं चालतं ते वायरीवरून, एकामागून एक खुणा पाठवून: वीज चढली की एक खूण, उतरली की दुसरी. एकानं ज्या वेगानं पाठवायचं त्याच वेगानं दुसऱ्यानं वाचायचं. धवल समजावून सांगत होता आणि हवालदार मान डोलावत होते. पुढं पुढं तर त्यांनी मान डोलावायची गती वाढवली, कारण टेलिग्राफच्या टकटकाटात ज्याचं तारुण्य गेलं त्याला हे शिकवणार कोण? धवल शेवटचं काहीतरी सांगत होता तेवढ्यात त्यांनी पिशवी उचलली आणि "बाळा, माझी बस जाईल" म्हणून निघाले.

घरी आल्यावर लक्षात आलं, की दाराच्या घंटेची वायर उरलीय. दुहेरी वायर, उत्तम तांबं. बोर्डांना जोडणी तिहेरी लागत होती: एक वायर जाण्याची, एक येण्याची आणि एक दोघांना बांधून ठेवणारी. दोन वायरी तर हातात होत्या. तिसरीसाठी पुन्हा सांगली गाठायची? हवालदार हसले. फौजेत रानातला टेलिफोन ते एका वायरीवर चालवत. परतीची वायर ओढायला वेळ नसला की दोन्ही टोकांना लोखंडी खुंटी जमिनीत ठोकायची. परतीचं काम माती करते. माती कोरडी असली तर खुंटीला पाणी पाजायचं, आणि पाणी नसलं तर जवान जे करत ते इथं सांगण्यासारखं नाही. त्यांनी दोन खुंट्या ठोकल्या, एक ओट्याशेजारी आणि एक चुलवाणाच्या तोंडाशी. तिच्या बुडाशी तांब्याभर पाणी ओतलं. तात्या चिपाडावर बसून बघत होते. हवालदारांनी त्यांच्या तोंडासमोर जाऊन सांगितलं, "तात्या, ही खुंटी तहानली की यंत्र मुकं हुतं!" आणि स्वतःच्याच विनोदाला हसून, ते विसरूनही गेले.

बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. रस तापला तसा पिवळा लागला, वेळेवर तांबडा लागला, तात्यांनी जाळ ओढला आणि सोन्यासारखा गूळ पडला. हवालदार त्या दिवशी गावातून उगाच दोन चकरा मारून आले.

दुसऱ्या दिवशी काहिलीत नुकता गार रस ओतला आणि तांबडा दिवा लागला. तात्यांनी इमानेइतबारे सगळा जाळ बाहेर ओढला. क्रांती वरून बघतेय तर रस उकळायचं नाव घेईना. मग हिरवा, पिवळा, पुन्हा तांबडा, मग तिन्ही एकदम. जत्रेतल्या पाळण्यालाही एवढे दिवे नसतात. क्रांती कमरेवर हात ठेवून भिंतीला वळसा घालून आली आणि म्हणाली, "ह्ये काय लावलंय तुमी? गूळ करायचा का तमाशा?"

तिथून हवालदारांच्या डोक्याला भुंगा लागला. त्यांनी लॅपटॉप जोडला. काहिलीकडचा बोर्ड शहाण्यासारखे आकडे पाठवत होता; चुलवाणाकडचा मात्र भलतंच वाचत होता. चौकोन, प्रश्नचिन्हं, कुठल्या भाषेतली न कळणारी अक्षरं. त्यांनी जाण्याची आणि येण्याची वायर उलटसुलट करून पाहिली. दोन्हीकडचा वेग कमी केला, मग आणखी कमी केला. बोर्डांना वीज देणारे मोबाईलचे चार्जर बदलले. त्यात क्रांतीचा चार्जर गेला आणि दिवसभर तिचा फोन बंद राहिला, ते वेगळंच महाभारत. धवलला फोन लावला. तो अदबीनं म्हणाला, "काका, सगळी जोडणी मी सांगितली तशीच केलीय ना?" आता, कालच्या पोरानं सिग्नलच्या हवालदाराला जोडणी विचारावी? हवालदार घुश्शात म्हणाले, "जोडणी एक नंबर हाय. तुझं बोर्डच तपास." बिचाऱ्यानं बसबरोबर नवा बोर्ड पाठवून दिला. नवाही तसाच बरळू लागला.

त्यातही एक विचित्र गोष्ट होती. यंत्र रोज बिघडत नव्हतं. हवालदार लॅपटॉप घेऊन चुलवाणापाशी ठाण मांडून बसले की ते हमखास बरळायचं. ते कंटाळून, शिव्या घालून, चहाला घरी गेले की सुरळीत चालायचं. येऊन बघावं तर तांबडा दिवा बरोबर लागलेला, गूळ पडलेला, तात्या शांत. पुन्हा जवळ बसावं, की थोड्या वेळात पुन्हा तेच.

क्रांतीच्या ध्यानात हे सगळ्यांत आधी आलं. "यंत्रात कायबी बिघाड न्हाई," ती म्हणाली. "त्ये तुमास्नी बघून बिथरतंय. तुमी लांब ऱ्हावा." आणि तिनं नवऱ्याला चुलवाणाकडं फिरकायची बंदी केली. ज्या माणसानं सरहद्दीवर बर्फात वायरी ओढल्या, त्याला स्वतःच्या गुऱ्हाळात येण्याची मनाई झाली. हवालदारांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण मस्करी बाजूला ठेवली तर आत धास्ती होती. संक्रांत तोंडावर आलेली. असल्या लहरी यंत्राच्या भरवशावर क्रांती सांगलीचा माल लावणार नव्हती, आणि तिचं चूकही नव्हतं. जाळाच्या कामासाठी तिनं शेजारच्या वाडीतल्या गुंडा नावाच्या गड्याला विचारून ठेवल्याचंही त्यांच्या कानावर आलं होतं.

मग हवालदारांनी तेच केलं जे फौजेत शत्रू कळेनासा झाला की करतात. दुपारी जेवून, "जरा मलकापुरास जाऊन येतो" असं मोठ्यानं सांगून ते निघाले, मागल्या बांधावरून वळून आले आणि चुलवाणासमोरच्या चिपाडाच्या गंजीत शिरून पालथे पडले. मिशीत चिपाडाची कुसं, मानेवर मुंग्या. पण समोरचं सगळं स्वच्छ दिसत होतं.

काहील रटरटत होती. हिरवा दिवा होता. तात्या एका लयीत चिपाडं सारत होते. बराच वेळ काही घडलं नाही. मग दिवा लुकलुकला. हिरव्याचा तांबडा झाला, तांबड्याचा पिवळा. तात्यांनी दिव्याकडं बघितलं, मग इकडं-तिकडं कुणी नाही ना ते बघितलं. बाजूचा तांब्या उचलला, स्वतःचा प्यायच्या पाण्याचा. वाकले आणि खुंटीच्या बुडाशी बारीक धार धरली, कुलदैवताच्या टाकावर धरावी तशी. दिवे थरथरले आणि हिरवा स्थिर झाला. तात्यांनी तांब्यात डोकावून पाहिलं, उरलेला घोट प्यायला तांब्या तोंडाशी नेला, आणि न पिता परत खाली ठेवला.

हवालदारांना आपण पालथे पडलोय याचंही भान राहिलं नाही. गंजीत पडल्या पडल्याच त्यांना सगळं दिसलं. चुलवाणाच्या धगीनं तिथली माती राखेसारखी कोरडी होत होती. ओट्याकडं रोज धुणं-सांडणं, तिथली खुंटी ओली. इथली कोरडी ठाक. मातीनं हात सोडला की दोन बोर्डांना बांधून ठेवणारं काही उरतच नव्हतं. वीज चढली का उतरली हे कशाच्या मानानं बघायचं, हे दोघांचं एक असावं लागतं. ते तुटलं की पलीकडचा मनाला येईल ते वाचणार. रानातल्या टेलिफोनवर माणसाचा आवाज जरा खरखरला तरी ऐकणारा समजून घेतो. चिप समजून घेत नाही. आणि फौजेत खुंटीशेजारी भट्टी नसते.

ते गंजीतून उठले तेव्हा तात्या दचकून मागं सरले. पकडल्यासारखं तोंड झालं. हवालदारांनी त्यांच्या समोर उकिडवं बसून, ओठ हलतील असं विचारलं, "तात्या, कवापासनं पाणी पाजताय?"

"दुसऱ्या दिसापासनं. तूच म्हणला हुतास की, तहानली की मुकं हुतं म्हून."

"मग मी असलो की का वतत न्हवता?"

"इजेच्या कामात पाणी वतलं म्हून वरडशील, वाटलं." तात्या खाली बघत चिपाडाचं टोक मोडत राहिले. "उदय, मला ऐकू येत न्हाई, पर दिसतंय सगळं. सूनबाई माझ्याकडं कशी बघती ते दिसतंय. गुंडा येऊन चुलवाण बघून गेला त्येबी दिसलं. ह्यो दिवा चालला तर मी हितं, न्हाईतर मी पारावर. मग मी तहानलो तर काय बिघडलं? ह्येला पाणी पायजे."

धगीसमोर दिवसभर बसणारा म्हातारा आपल्या वाटणीचं पाणी उदयसिंहांनी घाईघाईत ठोकलेल्या खुंटीला पाजत होता, आणि ते तिकडं धवलचे बोर्ड बदलत बसले होते. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की ती लपवायला ते मोठ्यानं हसले. मग हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते चिपाडाच्या कुसावर ढकललं. उठून आधी हापशावरून तांब्या भरून आणला आणि तात्यांच्या हातात दिला. "प्या. समदा प्या. खुंटीला एक थेंब द्यायचा न्हाई."

मग ते घरी गेले आणि दाराची घंटाच उखडली. तिची अख्खी वायर ओढून काढून खांद्यावर टाकली. क्रांती वाटेतच आडवी आली. "आता पावणं आलं तर कळायचं कसं?"

"हाका मारतील. हाकेला काय झालंय?" ते म्हणाले आणि तिला तिथंच उभ्यानं सगळं सांगितलं. आपली चूकही सांगितली. एवढं सरळ त्यांनी लग्न झाल्यापासून क्वचितच सांगितलं असेल. क्रांती हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती हसली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "माझं बघनंबी दिसलं त्यास्नी?"

त्याच संध्याकाळी या बोर्डापासून त्या बोर्डापर्यंत तिसरी वायर गेली. खुंट्या उपटून हवालदारांनी भंगारात टाकल्या. धवललाही फोन केला आणि त्याचे बोर्ड निर्दोष आहेत असं कळवलं, तेव्हा तो म्हणाला, "काका, तिसऱ्या वायरीचंच तर सांगत होतो, तेवढ्यात तुम्ही बसला पळालात." हवालदारांनी रेंज गेल्याचं सोंग केलं.

दुसऱ्या दिवशी संक्रांतीच्या मालातली पहिली काहील चढली. क्रांतीनं नवऱ्यावरची बंदी उठवली, पण अट घातली, की हात पाठीमागं बांधून उभं राहायचं. चरक घरघरत होता, माती तापून पांढरी पडली होती आणि हिरवा दिवा निश्चल होता. पुढं पिवळा लागला. तात्यांचा हात संथ झाला. क्रांतीनं वर थंड पाण्यात पाकाचा थेंब सोडून बोटांनी गोळी वळून पाहिली आणि तिच्या तोंडून सवयीनं "वड!" निघतंय तेवढ्यात भिंतीपलीकडं तांबडा लागला. तात्यांनी एका दमात जळतं मागं ओढलं. काहील उतरली, गार करायच्या वाफ्यात गूळ पसरला, आणि असा रंग आला की बघायला आलेले भावकीतले ते चार जणही नाकं मुरडायची विसरले.

क्रांती हात धुऊन, पदर खोचून खड्ड्यात उतरली. तात्या उठू लागले तर त्यांना खांद्याला धरून बसवलं आणि स्वतः समोर राखेतच बसली. त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "तात्या, पुढल्या दसऱ्याला चूल तुमीच पेटवायची. दुसरं कुणी न्हाई."

तात्यांनी कानामागं हात धरला. "काय म्हणलीस?"

तिनं पुन्हा सांगितलं, आवाज चढवून. चरकावरची माणसं वळून बघू लागली.

"आं?"

क्रांतीनं तिसऱ्यांदा सांगितलं, साऱ्या शिवाराला ऐकू जाईल असं ओरडून. हवालदार पाठीमागं हात बांधून उभे होते आणि त्यांना म्हाताऱ्याचा चेहरा समोरून दिसत होता. त्याला पहिल्याच खेपेला कळलं होतं.